भुवनाच्या वर्षाचा कोलू

शहरातल्या सगळ्या कुटुंबांसाठी नवरात्रात कोलूची, म्हणजे पायऱ्यांवर बाहुल्या मांडायची, स्पर्धा आहे, असं पेपरात आलं. माझ्या मुलानं, वरुणरावानं, मला न विचारता आपल्या घराचं नाव देऊन टाकलं.

“यंदा बाहुल्या पेटीतच राहतील,” मी म्हटलं. “भुवनाला जाऊन तीन महिने झाले नाहीत. बहीण होती रे तुझी!”

“अम्मा, लग्न करून दिलेली मुलगी दुसऱ्या घरची. आपलं सुतक तीन दिवसांत फिटलं. उद्या फोटोवाले येतील, त्यांना काय सांगू?”

माझ्या जिभेला अख्खी गल्ली भिते. पण त्या दिवशी मी गप्प आत गेले आणि प्रसादाच्या सुंडलासाठी चणे उकडायला ठेवले. बाहेर सुनेनं नऊ पायऱ्या मांडल्या.

वरुणला वाटलं, अम्माला पटलं. पटायचं काय त्यात? माझी नणंद गेली त्या वर्षी मीही हट्टानं कोलू मांडला होता, आणि रडणाऱ्या सासूबाईंना हेच ऐकवलं होतं, लग्न करून दिलेली मुलगी दुसऱ्या घरची म्हणून. त्यांनी उलट शब्द काढला नाही. उठून आत गेल्या आणि चणे उकडायला ठेवले.