जरा ठळक

कंत्राटदार साहेब स्वतःच्या थडग्याचा दगड जिवंतपणीच कोरून घेत होते. त्यावरची ओळ त्यांनी पवित्र शास्त्रातून निवडली होती. माणसाची सगळी धडपड व्यर्थ आहे, वाऱ्यामागे धावण्यासारखी आहे, अशा अर्थाची.

ओळ एवढीशी, पण तिने पाथरवटाच्या डोक्याला ताप दिला. आधी साहेबांना दगड थोरल्या भावाच्या दगडापेक्षा वीतभर उंच हवा होता. मग अक्षरांत सोनेरी रंग हवा झाला. आज तर ते येऊन म्हणाले, "तो 'व्यर्थ' शब्द जरा ठळक करा हो. दफनभूमीच्या फाटकातून दिसला पाहिजे, भावाचा दगड दिसायच्या आधी."

पाथरवटाने दातओठ खात तोही ठळक केला. साहेबांची पाठ वळताच तो बायकोपुढे उखडला, "मातीत जायचंय, तरी मिरवायची हौस काही फिटत नाही! रोज शास्त्र वाचतात म्हणे. डोक्यात शिरतं कुठे?"

"त्यांच्या डोक्याचं त्यांना बघू दे, तुम्ही आधी हात धुवा," बायको म्हणाली. "लेक मघापासून ताटावर खोळंबलीये. उद्या सासरी जायची ती, आज तरी चार घास तिच्यासोबत खा."

"तू वाढ, मी आलोच," म्हणत त्याने पुन्हा छिन्नी उचलली आणि तो दगडापाशी वाकत म्हणाला,

"खालच्या कोपऱ्यात घडवणारा म्हणून कोरलेलं माझं नाव जरा बारीक आलंय. फाटकातून दिसायला नको?"