जुडीतली चिठ्ठी

जुडीचा दोरा तुटला आणि सहा चिठ्ठ्या मोतीरामच्या मांडीवर सांडल्या.

अमरावतीच्या त्या लांबट खोलीत पंखा होता, पण चिठ्ठ्या उडतात म्हणून तो लावायचा नाही असा हुकूम होता. चाळीस जण घामाने निथळत बसले होते. सन एकसष्टची शिरगणती उरकली होती, आता आकडे काढायचे होते. माणशी एक चिठ्ठी, घराची एक जुडी, गावाचा एक गठ्ठा. वयाप्रमाणे वेगवेगळ्या खणांत लावायचं तर जुडी सोडून एकेक चिठ्ठी पाहावी लागे. धर्म लावताना मात्र वरची, म्हणजे घरधन्याची चिठ्ठी पाहायची आणि अख्खी जुडी त्या धर्माच्या खणात टाकायची. मुख्य कारकून केशवरावांनी ही युक्ती पहिल्याच दिवशी शिकवली होती.

"वय माणसाचं रायते, धर्म घराचा," ते म्हणाले होते. "जुड्या सोडत बसला तं म्हातारा होशीन."

मोतीरामला ते पटलं होतं. अकरा दिवस त्याने तसंच केलं. पाठ धरली होती, डोळे चुरचुरत होते, पण काम सपाट्याने होत होतं. कामसू माणसांना पुढे कायम करणार अशी बोलवा होती. त्या एका आशेवर तो रोज उठून येत होता.

आता मांडीवरच्या चिठ्ठ्या गोळा करताना त्याने सहज वाचल्या. मूर्तिजापूरकडचं घर. पुंजाजी, हिंदू. तीन मुलगे, हिंदू. सून, हिंदू. आणि पुंजाजीची बायको सुंदराबाई, बौद्ध.

पाच वर्षांपूर्वी मोतीरामही दीक्षेला नागपूरला गेला होता, पण सोबत अख्खा मोहल्ला होता. ही बाई एकटीच गेली असणार. शिवाय दारात आलेल्या परक्या माणसाला, नवऱ्यादेखत, तिने आपला धर्म वेगळा सांगितला होता. मोतीरामला तिचं फार कौतुक वाटलं. मग त्याची नजर भरलेल्या खणांकडे गेली. अशा किती सुंदराबाया त्याने न पाहताच नवऱ्यामागे ढकलल्या होत्या?

त्याने भरलेले खण उपसले आणि पहिली जुडी सोडली.

"काय करून राहिला रे?" केशवराव ओरडले.

"एकेकाची चिठ्ठी पायतो, साहेब. घराचं एकच उत्तर धरून नाही जमत."

आठवडाभर तो जुड्या सोडत राहिला. नवे गठ्ठे तसेच साचले. साऱ्या खटाटोपात नऊ चिठ्ठ्यांनी खण बदलले, बास. शेवटची जुडी बांधून झाली तेव्हा केशवरावांनी त्याच्या हातात एक कागद ठेवला.

संध्याकाळी घरी त्याची बायको मैना भाकरी थापत होती. मोतीरामने कागद फळीवर ठेवला आणि भिंतीला पाठ टेकून बसला.

"कायचा कागद हाय?" तिने विचारलं.

"शाबासकीचा," तो म्हणाला. आजची रात्र तरी बायकोला सुखाची झोप लागू दे, असं त्याला वाटलं. विषय बदलावा म्हणून त्याने तिला सुंदराबाईची गोष्ट सांगितली. सांगता सांगता त्याला जरा उभारी आली. घरातल्या प्रत्येकाला वेगळं मोजायला हवं, हे त्याने तिला दोनदा समजावलं.

मैनाने सगळं ऐकून घेतलं. पिठाचे हात धुतले, पदराला पुसले. फळीवरचा कागद काढून ती चिमणीच्या उजेडात गेली आणि ओळीवर बोट ठेवलं.

"का-मात दि-रं-गाई केल्या-मुळे," ती सावकाश वाचू लागली, "उद्या-पासून का-मावर येऊ नये."

मोतीराम भिंतीची पाठ सोडून उठला.

"तुले वाचता येते?"

"विहारात मास्तरीणबाई शिकोते. दोन वर्सं झाले," मैना म्हणाली. "तुमी उद्याची काळजी नका करू. जेवून घ्या."

फेब्रुवारीत शिरगणतीवाला याच दारात उभा होता. मैना याच चुलीपाशी बसली होती, आणि तिच्या चिठ्ठीवर शिक्षणापुढे 'निरक्षर' लिहा, असं मोतीरामनेच त्याला सांगितलं होतं.