दिवाळीपर्यंत थांबा

कॉम्प्युटर गेमसाठी लागणारं मधल्या किमतीचं नवं ग्राफिक्स कार्ड चांगलं होतं, पण छत्तीस हजार मोजावेत असं काही नव्हतं. शिरीषने आपल्या यूट्यूबवरच्या व्हिडिओत तसं स्पष्ट सांगून टाकलं. "पाच हजार जास्त लावलेत. घाई करू नका, दिवाळीपर्यंत थांबा."

भाव उतरल्याशिवाय 'घ्या' म्हणायचं नाही, हा त्याचा बाणा होता. लोक त्याला त्यासाठीच मानत. वणीचा प्रणित तर प्रत्येक व्हिडिओखाली विचारायचा, "सर, आता घेऊ का? मला फक्त विमान चालवायचा गेम खेळायचाय." तीन वर्षं शिरीष त्याला एकच उत्तर देत आला होता.

आजही प्रणितच्या नावाने कॉमेंट आली. शिरीषने हसतच ती उघडली.

"मी प्रणितची बहीण. दादा आठ वर्षं अंथरुणाला खिळून होता. मागच्या महिन्यात गेला. तुम्हाला पहिल्यांदा विचारलं त्याच वर्षी पैसे जमले होते, पण तुम्ही 'थांबा' म्हटल्यावर त्याने आम्हाला कार्ड आणू दिलं नाही."

शिरीष ते पुन्हा वाचत होता, तेवढ्यात खाली आणखी एक कॉमेंट आली.

"सर, तुमचं ऐकून मीही थांबतोय."