वाळीत टाकलेलं राज्य

"पेटी खाली उतरवा," चुडामण म्हणाला. "निजामाच्या हद्दीत मिठाचा खडाही जाणार नाही."

नाकेबंदीवरच्या स्वयंसेवकांनी पेटी हैदराबादकडे निघालेल्या मोटारीतून काढून बुऱ्हाणपूरच्या शनवारा दरवाजापाशी रस्त्यावर ठेवली. आत दिगंबर मास्तरांनी आपल्या गावासाठी मिळवलेली पटकीची लस होती. भुशात दाबलेला बर्फ वितळत होता. फळ्यांच्या फटींतून पाणी गळत होतं.

मास्तरांचा उजवा हात गळ्यात बांधलेला होता. तो रझाकारांनी मोडला होता. हैदराबाद अजून हिंदुस्थानात सामील होत नव्हतं; सामील व्हा म्हणणारे मास्तर पळून बुऱ्हाणपूरला आले होते. कालच्या सभेत चुडामणनेच त्यांना हार घातला होता. "निजामाचा गळा आवळा," असं मास्तर तिथे स्वतःच गरजले होते.

"निजामाचा म्हणालो होतो!" आता ते ओरडले. "तो काय माझ्या गावच्या विहिरीचं पाणी पितो? ज्यांना सोडवायला निघालात, तीच माणसं मरताहेत तिकडे. तिरडीला बांबू मिळेना झालाय!"

"मग हार वापस करा, मास्टर," गर्दीतून कुणीतरी म्हणालं. दोघं-तिघं हसले.

चुडामण हसला नाही. "आज दवाई सोडली, तर उद्या दवाईच्या नावावर पेट्रोल जाईल. ते राज्य आपण वाळीत टाकलंय. वाळीत म्हणजे सगळं बंद."

"वाळीतलं तुला काय ठाऊक रे?"

त्याची आई गोदाबाई डबा घेऊन आली होती.

"माय, तू घरी जा."

"तू पोटात होता, तेव्हा दापोऱ्यात आपलं घर वाळीत होतं. दुकान बंद, विहीर बंद. कळा सुरू झाल्या, आन् तू आडवा. तुझा बाप दारोदार फिरला. कुणी कवाड उघडलं नाही."

"ते गाव होतं, माय. हा दोन राज्यांचा मामला आहे. इथे दयामाया चालत नाही."

"पंचही हेच म्हणे. हा घरचा मामला नाही, गावाचा आहे."

तिने डबा त्याच्या हातात कोंबला. पदर खोचला आणि वाकून पेटीचं एक टोक धरलं.

"मास्तर, डावा हात लावा."

स्वयंसेवक चुडामणकडे बघू लागले. तो डबा धरून उभा होता.

"मग तुला सोडवायला कोण आलं होतं, माय?"

पेटी उचलली गेली होती. गोदाबाईने मान वळवली नाही.

"ज्या पंचानं वाळीत टाकलं, त्याची माय."