स्वतंत्र जिना

"कडी आतून आहे," पंचाक्षरी सर म्हणाले आणि त्यांनी ती लावून, काढून, पुन्हा लावून दाखवली.

जुळे सोलापुरातल्या आपल्या घरावर नुकत्याच चढलेल्या या खोलीला सर 'युनिट' म्हणत. खोली, ओटा, संडास-बाथरूम, स्वतंत्र जिना, स्वतंत्र मीटर. पाणी चार-पाच दिवसांनी येतं म्हणून टाकीही स्वतंत्र. निवृत्त मुख्याध्यापकाची पुंजी आणि स्वभाव, दोन्ही तिथं सढळ हातानं ओतलेलं होतं. त्यामुळे भिंतीला कुठं तडा नव्हता आणि भाडेकरू कुणी टिकत नव्हता. सर मुलाखत घेत. लोक निम्म्यातच 'घरी विचारून सांगतो' म्हणत आणि जिना उतरत. उतरायला जिना चांगला होता.

आजची मुलगी मात्र शेवटच्या प्रश्नापर्यंत उभी राहिली होती. वैजयंती, गाव करकंब, पाटबंधारे खात्यात नुकतीच लागलेली ज्युनियर इंजिनिअर. सरांनी आधीच तिच्या गावी फोन करून खातरजमा केली होती. हिनं हो म्हटलं की सहा महिने रिकामं पडलेलं युनिट मार्गी लागणार होतं.

दारापाशी सरांच्या पत्नी महानंदाबाई उभ्या होत्या. हाताला ज्वारीचं पीठ. खाली त्यांची कडक भाकरीची ऑर्डर चालू होती. भाकरी पुण्यापर्यंत जात आणि भाकरीचे पैसे महानंदाबाईंच्या खात्यात. तरीही कुणी खोली बघायला आलं की त्या काम टाकून वर येत. "हिला युनिटचं फार कौतुक," असं सर सांगत.

ओटा नेहमीपेक्षा चार बोटं बुटका झाला होता. ती तिप्पण्णा गवंड्याची चूक, असंही सर सांगत. तो महानंदाबाईंच्या बरोबर कमरेला लागतो, हे बघायची कुणाला गरज पडली नव्हती.

"इथं तू राणी," सर वैजयंतीला म्हणाले. "कधी जा, कधी ये, मी विचारणार नाही. काय शिजवलंस, विचारणार नाही. पंखा पाचवर ठेव, मीटर तुझं. बेल वाजवल्याशिवाय घरमालक आत येणार नाही. आणि मी तर येणार फक्त एक तारखेला, भाड्यापुरता."

"खरंच विचारणार नाही?" महानंदाबाईंनी विचारलं.

"तू मध्ये बोलू नको," सर म्हणाले.

वैजयंतीनं नळ सोडून बघितला, बंद केला. "सर, तुमी माझी चौकशी केली. आमच्या चुलत्यास्नी फोन लावला. बरोबर हाय. पर मी तुमची कुणाला विचारू? हितं आधी कोण राहिलंय का?"

असा प्रश्न सरांना आजवर कुणी विचारला नव्हता. पण ज्यांनी शाळा तपासणीला आलेल्या साहेबांना उलट तपासून पाठवलं होतं, ते काय डगमगणार?

"हिलाच विचार की," सर म्हणाले. "छत्तीस वर्षं माझ्या घरात राहतेय. एक तक्रार नाही."

वैजयंती वळली. "काकू, कसं हायत घरमालक?"

महानंदाबाईंनी पदराला हात पुसले.

"निर्व्यसनी आहेत," त्या म्हणाल्या. सरांनी मान डोलावली. "वेळेचे पक्के. साडेपाचला चहा म्हणजे साडेपाचला. पंखा दोनच्या वर नाही. कुठं चाललीस, कधी येणार, फोन कुणाचा होता, मीठ कुणाला विचारून टाकलंस, एवढंच विचारतात." सरांची मान अजून डोलतच होती. "पण हे खालचं सांगितलं. वर आले की फार चांगले असतात. प्रत्येक भाडेकरूला सांगताना मी ऐकलंय. तू घेणार असशील तर आत्ता सांग बाई. नाहीतर पुढचा नंबर माझा आहे."

सर हसले. मुख्याध्यापक हसले की सगळ्यांनी हसायचं असतं. कुणी हसलं नाही.

वैजयंतीनं ओट्याकडे बघितलं. मग महानंदाबाईंकडे. मग पुन्हा ओट्याकडे. सरांनी आधीच हातात दिलेली खोलीची किल्ली तिनं त्यांच्या पिठाळ तळव्यावर ठेवली.

"मला दुसरी मिळंल की, काकू," ती म्हणाली आणि चपला घालून जिना उतरली.

"अगं, थांब, भाड्याचं बघू आपण!" सर तिच्या मागं कठड्यापर्यंत गेले. ती फाटकातून बाहेर पडलीसुद्धा. तेवढ्यात पाठीमागं कडी लागल्याचा आवाज आला. कडी चांगली होती. सरांनीच निवडलेली.

सरांनी दार ढकललं. मग थाप मारली. मग घराच्या इतिहासात पहिल्यांदाच त्यांनी बेल दाबली. आत चिमणी चिवचिवली.

"कोण?"

"मी."

"मी कोण?"

साडेपाच वाजायला आले होते. चहाचं भांडं खाली होतं आणि महानंदाबाई वर. सरांनी घसा खाकरला आणि प्रार्थनेच्या मैदानावरच्या जुन्या आवाजात उत्तर दिलं,

"घरमालक!"

"मग एक तारखेला या," आतून महानंदाबाई म्हणाल्या आणि पंखा पाचवर गेला.