साफ न करायची पैज

गोळी सुटलीच नाही. चाप ओढला, आतून एक कोरडा टक् आवाज आला आणि बस्स. टेकडीच्या पायथ्याशी टांगलेली लोखंडी थाळी वाऱ्यावर नुसती डुलत राहिली.

व्हर्लिन बंदूक टेकडीकडेच रोखून थोडा वेळ थांबला. उशिरा उडणारी गोळी घात करते, हे त्यानेच मुलाला शिकवलं होतं. मग त्याने हँडल मागे खेचलं. काडतूस गवतात पडलं. म्हणजे बंदूक अडकली. म्हणजे पैज तो जिंकला. त्याला काहीच वाटलं नाही. कोल्बी गेल्यापासून त्याला कशाचंच काही वाटत नव्हतं. मुलाच्या दफनाच्या वेळीसुद्धा तो पाद्र्याच्या बुटांवरचा चिखल बघत उभा होता.

आखूड नळीची ही रायफल कोल्बीने स्वतः जुळवली होती. एकेक भाग मागवून, सरकारी मंजुरीची महिनोन्‌महिने वाट बघून. पिकअपमध्ये मावावी, मेंढ्यांवर कोयोटी नावाचे रानकोल्हे आले की चटकन हातात यावी, म्हणून. व्हर्लिनने पहिल्याच दिवशी नाक मुरडलं होतं.

"नळी एवढीशी, म्हणजे काजळी सगळी आत फेकली जाणार. स्प्रिंगचं कंबरडं मोडणार. दर आठवड्याला साफ केली नाहीस तर रुसून बसेल बघ."

"बाबा, ही मळकीच चालते. तुमच्या लाडावलेल्या रायफलींसारखी नाही, रोज न्हाऊमाखू घालायला."

"लाव पैज."

"लावली! अडकेपर्यंत हिला कुणी उघडायचं नाही. बाहेरून तेलाचा थेंब तेवढा चालेल. आणि जो हरेल त्याने थँक्सगिव्हिंगच्या जेवणाला सगळ्यांसमोर म्हणायचं, 'तुझं बरोबर होतं.'"

ही भलतीच महागडी पैज होती. त्या घरात बापाने लेकाला किंवा लेकाने बापाला हे वाक्य कधी म्हटलं नव्हतं. आर्डिथने, म्हणजे कोल्बीच्या आईने, शिवणयंत्रावरून मान वर करून दोघांकडे पाहिलं होतं आणि पुन्हा सुईत दोरा ओवला होता.

पैज चालू असतानाच बर्फावरून घसरून कोल्बीची गाडी उलटली. मेंढ्यांचं सगळं मग आर्डिथचा भाऊ बघू लागला. व्हर्लिन खिडकीजवळच्या खुर्चीत बसून राही. फक्त शनिवारी उठे, रायफल घेऊन मेंढवाड्यामागे जाई, भरलेल्या गोळ्या संपवी आणि तशीच आणून खुंटीला टांगे. उघडत नसे. शब्द म्हणजे शब्द. नीट निरखून पाहिलं असतं तर त्याला काहीबाही दिसलंही असतं, पण निरखून पाहणं त्याने सोडलं होतं.

"चालली?" आर्डिथ दर वेळी विचारी.

"चालली."

पैज चालू होती, तोवर पोरगा अजून वाद घालतोय असं त्याला वाटे. त्याने तिला सांगूनही ठेवलं होतं, "अडकली की संपलं. कपाटात टाकणार आणि किल्ली तुझ्याकडे. मग मला शनिवारी उठवू नकोस."

आणि आज ती अडकली होती.

गाडीच्या मागच्या फळीवर त्याने रायफल ठेवली आणि पहिल्यांदाच उघडली. हात काळे होणार म्हणून आधी चिंधी शोधली. आत काजळी नव्हती. आतला प्रत्येक भाग चमचाभांड्यांसारखा लखलखत होता. एक छोटी कॉटर पिन, तारेच्या खिळीएवढी, तेवढी चुकीच्या जागी बसली होती, नवशिकी माणसं हमखास बसवतात तिथे. काडतुसावर आदळणाऱ्या फायरिंग पिनला पुढे सरकायला वावच राहिला नव्हता. त्याने भाग नाकाजवळ नेला. बंदुकीच्या तेलाचा वास नव्हता. हा वास त्याच्या घरातला होता, शिवणयंत्राच्या तेलाचा.

घरी आर्डिथ यंत्रावर पडद्याला दुमड घालत होती. त्याने ती पिन तिच्यासमोर धरली.

"ही तू उघडलीस?"

यंत्र थांबलं. "चष्मा सापडत नव्हता रे या खेपेला. चुकलं का काही?"

"कधीपासून चाललंय हे?"

"तो गेल्यापासून. रविवारी दुपारी तुझा डोळा लागला की." तिने पडदा मांडीवर ओढून घेतला. "अडकली असती तर तू त्या खुर्चीतून पुन्हा उठला नसतास. मग मी काय करायचं होतं?"

व्हर्लिनने पिन बोटांत उलटसुलट फिरवली. "उभ्या जन्मात तू बंदुकीला हात लावला नव्हतास," तो म्हणाला. "शिकवलं कुणी?"

"शिकवलं नाही कुणी. बघून बघून आलं. तू चारा टाकायला गेलास की कोल्बी इथेच बसायचा, या टेबलावर सगळं पसरून. तेल माझं, चिंध्या माझ्या."

"कोल्बी? न उघडायची अट तर त्यानेच घातली होती."

"मीही तेच म्हणायचे त्याला, लबाडा, बापाला फसवतोस. तर हसायचा. म्हणायचा, 'बाबांचं बरोबर आहे गं आई. पण सांगू नकोस हां, डोक्यावर बसतील.'"

व्हर्लिनच्या बोटांतून पिन निसटली. ती शोधायला तो टेबलाखाली वाकला. पिन त्याच्या बुटापाशीच पडली होती, तरी तो बराच वेळ वर आला नाही.