अळंबीची मोजणी

माझे दोन भाचे, सयाजी आणि शंभूराज, दोघांच्या रानांमधल्या बांधावरची अळंबी कुणी काढायची यावरून भांडले आणि चार वर्षं एकमेकांशी बोलले नाहीत. ब्याण्णव सालच्या पावसाळ्यात त्यांची आई, म्हणजे माझी बहीण शालूबाई, मला म्हणाली, "दादा, गावाला एवढ्या थापा मारतूयास, एखादी मारून ह्या दोघांना बोलतं कर की."

नेमकी त्याच आठवड्यात पेपरात बातमी आली, म्हणून थाप मारायची वेळच आली नाही. दोघांना बांधावर बोलावलं आणि वाचून दाखवलं. अमेरिकेच्या जंगलात जमिनीखाली एकच अळंबी सदतीस एकरांत पसरलीय. वर छत्र्या सुट्या दिसतात, पण खाली जीव एकच. मग आवाज जरा जड करून म्हणालो, "तुमचंबी तसंच हाय रं. वर बांध हाय, पर खाली आई एकच."

दोघांनी वाकून बांधाकडं बघितलं. शालूबाईनं डोळ्याला पदर लावला.

"खाली एकच हाय, तर जास्ती कुणाच्या रानात हाय?" सयाजीनं विचारलं.

"माज्या," शंभूराज म्हणाला. "मोजणी आण, मग बघ."

"आत्ता आणली असती, पर माजी गाडी बंद हाय."

"मग बस माज्या मागं."

 

चार वर्षांच्या अबोल्यानंतर माझे भाचे एकाच एम-एटीवर बसून शिराळ्याला गेले, एकमेकांविरुद्ध मोजणीचा अर्ज द्यायला.